परसाद बाधत न्हाय

माझं पहिलं बाळ साऱ्या आळीनं बघितलं आणि सगळ्या बायकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "काय थोराड लेकरू व्हतं गं!" डोकं आलं आणि खांदे अडकले. सुईणीनं तिला ठाऊक होतं ते सगळं केलं. बाळ रडलं नाही. नऊ महिने वाट बघितलेलं लेकरू गेलं होतं आणि बायका त्याच्या दंडाकडं बोट दाखवून त्याची अंगलट वाखाणत होत्या. मी बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते. तेव्हापासून कुणी गुटगुटीत बाळाचं कौतुक करू लागलं की माझं डोकं फिरतं, ते आजतागायत.

सासर तुळजापूरचं, घर पुजाऱ्यांचं. निझामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. यजमान तहसील कचेरीत कारकून होते आणि घराण्याची पाळी आली की देवळात उभे राहत. यात्रेकरू आमच्याकडेच उतरत. अंगणात चुली मांडत, पुरण शिजवत, देवीला नैवेद्य दाखवून आणत, आणि त्यातला पहिला वाटा घरातल्या बाईच्या पानात पडे. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, शिवाय नवस फेडणाऱ्यांना वार नसतोच. मी दोन जिवांची म्हटल्यावर तर विचारायलाच नको. कुठल्या गावच्या कोण बायका, पण माझ्या ओटीत गूळखोबरं घालून, तोंडात पुरणाचा घास कोंबूनच पुढं जायच्या.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी हट्टच धरला. सोलापूरला माझं माहेर, तिथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवल्याशिवाय मी राहणार नाही म्हटलं. यजमान आधी आईकडं बघत राहिले, मग माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं मोटारीला बसले.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पहिलं बाळ केवढं होतं?" मी हातानं दाखवलं. त्यांनी कौतुक केलं नाही. मग लघवी तपासली, रक्त तपासलं आणि मला समोर बसवून समजावून सांगितलं. गरोदरपणात काही बायकांच्या रक्तात साखर वाढते. एरवी त्यांना मधुमेह नसतो, आणि बाळंतपणानंतर ती बहुधा उतरतेही. पण ती जास्तीची साखर बाळाकडं जाते आणि बाळ नको तेवढं वाढतं. "मोठं म्हणजे सशक्त नव्हे," त्या म्हणाल्या. एवढं एक वाक्य मला आदल्या खेपेला कुणी सांगितलं असतं तर!

त्यांनी जेवण आखून दिलं. ज्वारीची भाकरी, पण एका वेळेला दीडच. डाळ, पालेभाजी, ताक. भात चवीपुरता. साखर, गूळ, गोड म्हणून जे जे काही ते बंद. पोट रिकामं ठेवायचं नाही, थोडं थोडं चार वेळा खायचं आणि जेवल्यावर चालायचं. शिवाय एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली दिली. औषधात लघवीचे मोजून आठ थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त आणि विटेसारखं तांबडं झालं तर फार. तांबडं आलं तर लगेच निघून यायचं, मग इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल, असंही बजावलं.

हे सगळं मला एका दिवसात कळलं. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कळायला तीन महिने लागले, आणि ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत.

पहिला वाद गुळाचा. "साखर बंद म्हणली ना डाक्तरीण? मंग गूळ कुठं साखर असतो? गूळ गरम असतो." मी म्हटलं, आत्याबाई, गूळ आणि साखर एकाच उसाच्या लेकी. तर म्हणाल्या, "लेकी असू दे, गुण येगळे असत्यात." दुसरा वाद डोहाळ्यांचा. गरोदर बाईची वासना मारली तर लेकराचा कान फुटतो म्हणे. माझी वासना होती निवांत दीड भाकरी खाऊ देण्याची, ती मात्र दिवसाकाठी चार वेळा मारली जायची. तिसरा वाद चालण्याचा. जेवून मी घाटाच्या वाटेला लागले की मागनं हाक यायची, "अगं पोटुशी बाई तू, हिंडतीस काय अशी?" आणि नळीचा वाद तर सांगायचाच नाही. ज्या घरात देवीचं सोवळं शिजतं तिथं लघवी उकळायची म्हणजे काय? अखेर गोठ्यात गाईच्या शेजारी मला जागा मिळाली. मी रोज सकाळी तिथं उकिडवी बसून दिवा पेटवायची. गाय बापडी काही बोलायची नाही, घरात तीच एकटी शहाणी होती.

घरचं गोड मी भांडून भांडून बंद केलं. पण यात्रेकरूंचं पुरण काही केल्या थांबेना. आत्याबाईंचं एकच, "परसाद बाधत न्हाय." देवीला दाखवून आलेल्या पोळीतला गूळ म्हणजे गूळच नव्हे, तो परसाद. त्याला नाही म्हणायचं नसतं, आणि त्यानं कुणाचं वाईट झालेलं त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. मी घास पदराखाली सारायची आणि गोठ्यात जाऊन गाईला घालायची. एका शुक्रवारी त्यांनी ते बघितलं.

"आईचा परसाद जनावराला घालतीस? तुझ्या पोटात तिनंच दिलंय नव्हं?"

"म्हणूनच घालते! तिनं दिलेलं मला ह्या खेपेला हातात घ्यायचंय, आत्याबाई!" मी ओरडलेच. सासूवर ओरडले तो माझ्या आयुष्यातला पहिला दिवस. अंगणातल्या बायका हातातली लाटणी धरून बघत राहिल्या.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "सोलापूरची डाक्तरीण मोठी का आई मोठी?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हीच बघा कोण मोठी ते. उद्या पौर्णिमा आहे. सकाळी नळी लावते, तुम्ही समोर बसा. मग दुपारी परसादाच्या पोळ्या खाते, दुसरं काही नाही. परत नळी लावते. निळं राहिलं तर तुमचं खरं, बाळंत होईस्तोवर रोज खाईन." डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं असतं तर मला फैलावर घेतलं असतं. एका जेवणानं जे व्हायचं ते होईल, पण अजून अडीच महिने रोज असं भांडत राहणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

"चालंल," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सकाळी त्या गोठ्यात आल्या, नाकाला पदर लावून. नळीतलं औषध उकळलं आणि निळंच राहिलं. "बघ," त्या म्हणाल्या, जणू ते त्यांच्याच बाजूनं बोललं. दुपारी आमच्याकडं उतरलेल्या एका कुटुंबानं नैवेद्य आणला. आत्याबाईंनी स्वतः दोन पोळ्या माझ्या पानात वाढल्या, हात जोडले आणि मी खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, इतक्या महिन्यांनी ती पोळी जिभेवर आली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी गोड लागली.

दीडेक तासानं आम्ही दोघी परत गोठ्यात बसलो. मी आठ थेंब मोजले. निळं आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता नळीत तळापासून वरपर्यंत विटेचा तांबडा रंग उठला. आत्याबाई पुढं वाकल्या. नाकावरचा पदर खाली आला तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"ह्ये माझ्या परसादानं?"

"त्यातल्या गुळानं," मी म्हटलं. मी जिंकले होते. आता चार गोष्टी चांगल्या सुनवायच्या म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"पहिल्याच्या बारीला म्या तुला रोज देत व्हते. दोन-दोन. लेकरू चांगलं पोसावं म्हणून." आणि नळीकडं बघत, "मंग त्ये लेकरू..."

हेच वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी दोन वर्षं मनातल्या मनात भांडत होते. आणि आता ते आलं होतं. हो म्हणवत नव्हतं. आणि नाही म्हणणं म्हणजे पुन्हा पुरण.

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं, आत्याबाई," मी म्हटलं. त्यांनी जे ऐकायचं ते त्यातून ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी यजमान मला सोलापूरला घेऊन गेले. दोनदा लागोपाठ निळं दिसल्यावर डॉक्टरीणबाईंनी सुई दिली नाही, शिव्या मात्र मनसोक्त दिल्या. मी तिथंच राहिले आणि तिथंच बाळंत झाले. मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली.

आत्याबाई पाचवीला आल्या. मी लेक त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिचे खांदे चाचपले, एक डावा, एक उजवा, आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतायत. त्या कुणासाठी रडत होत्या ते मला कळत होतं. मला त्यांची कीव आली, आणि तितकाच रागही आला. दोन वर्षं त्याच्यासाठी मी एकटी रडले होते, तेव्हा ह्या कुठं होत्या? आणि आज, ह्या एका दिवशी तरी, माझ्या जित्या लेकीकडं बघून कुणीतरी नुसतं हसायला हवं होतं.