टेंभुर्णीची जीप

आमच्या चर्चच्या पाळकांना प्रत्येक खोळंब्यात बोध सापडे. सायकल पंक्चर झाली तरी म्हणत, "प्रभू धीर शिकवून राह्यला, पोरा." कॉलेज करून त्यांच्यासोबत गावोगाव फिरताना मला त्याचा कंटाळा येई; त्यांच्या बोधाला मी कधी आमेन म्हणत नसे.

एकदा टेंभुर्णीत एक आजी शेवटच्या घटका मोजत प्रभुभोजनाची पवित्र भाकरी घेण्यासाठी पाळकांची वाट बघत होत्या. जालन्यात जीप भरल्याशिवाय निघेना. पाळक धीराबद्दल बोलत राहिले. आम्ही पोचलो तेव्हा आजी गेल्या होत्या.

आजींचा मुलगा म्हणाला, "सकाळपासून दाराकडंच बघत होती. यातून काय शिकायचं, पाळकसाहेब?"

पाळकांनी भाकरीची डबी पिशवीत ठेवली. "मला न्हाई कळत, बाबा," म्हणाले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

का कोण जाणे, माझ्या तोंडून हळूच आमेन निघालं.