कुत्रीचा उपास

माझ्या सासूची रीत होती: तव्यावरची पहिली भाकरी कुत्रीची. तिनं खाल्ल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. लग्न होऊन जतकडच्या माळावर आले तेव्हा मला याचा संताप यायचा. माणसं ताटकळणार आणि कुत्री आधी जेवणार, ही कुठली तऱ्हा? पण ते लढाईचे दिवस होते. नवरा पलटणीत, सासरे कधीच गेलेले. मेंढरांची आणि आम्हा दोघींची राखण ती कुत्रीच करायची. लांडगा मेंढरांच्या वाडग्याच्या कुंपणाकडे फिरकत नव्हता तो तिच्यामुळे.

तिच्या पोटाखाली गाठ आली आणि बघता बघता नारळाएवढी झाली. बैलगाडीत घालून आम्ही तिला मिरजेला नेलं. तिथले गुरांचे डॉक्टर पलटणीत खेचरांवर उपचार करून आलेले. त्यांनी गाठ चाचपली. "कापावी लागेल, नाहीतर ही जगायची नाही. उद्या सकाळी आणा. रात्रीपासून उपाशी ठेवा."

आवाराबाहेर कडुनिंबाखाली आम्ही मुक्काम टाकला. सासूनं चूलच पेटवली नाही. मी मनातल्या मनात चडफडत, उपाशीपोटी झोपले.

सकाळी डॉक्टरांनी कुत्रीला आधी एक सुई टोचली. थोड्या वेळानं ती लाळ गाळू लागली आणि भडाभडा ओकली. सगळं फुटलेलं दूध.

"हिला काय दिलं होतं?"

"काय न्हाई," सासू म्हणाली. "उपास हाय तिचा. पहाटं वाटीभर शेळीचं दूध तेवढं पाजलं. उपासाला दूध चालतंय की. ती न्हाई खात म्हणून आमी बी खाल्लं न्हाई. आमच्यात आधी तिनं खायाचं असतंय."

मला हसू आवरेना. डॉक्टर हसले नाहीत. सासूसमोर उकिडवे बसून म्हणाले, "आजी, पोटात काही असलं तर ते जागेपणीच बाहेर पडावं म्हणून ही सुई. एकदा भूल चढली की घसासुद्धा झोपतो. मग पोटातलं वर आलं तर ते श्वासाच्या नळीत जातं आणि जनावर गुदमरून मरतं. सगळं पडलं की नाही, मला खात्री नाही. आज नको. उद्या करू. आज दुपारनंतर काही नाही, दूधसुद्धा नाही."

सासूचा चेहरा उतरला. "म्हंजे माज्या हातानं मेली असती व्हय?" त्या दिवशी ती कुत्रीला धरून बसली. दुपारी तिच्याबरोबर चार घास खाल्ले, मग पाणीसुद्धा नाही. मीही खाल्लं नाही, आणि या वेळी चडफडले नाही. मला भीती वाटत होती.

दुसऱ्या सकाळी सासूला बघवेना म्हणून मी आत थांबले. सुईनंतर नुसता फेस पडला. डॉक्टरांनी मान डोलावली आणि क्लोरोफॉर्मचा बोळा नाकाशी धरला. गोडसर वास सुटला. पान हललं तरी उठून बसणारी आमची कुत्री पिठाच्या गोळ्यासारखी सैल पडली. त्यांनी तिची मान उतरती केली, जीभ बाहेर ओढून ठेवली आणि पोटाला चाकू लावला. मी डोळे मिटणार होते, मिटले नाहीत. इकडे जिवंत अंग उघडं पडलेलं आणि तिकडे श्वास चाललेला, संथ, घरी चुलीजवळ निजल्यासारखा. मला हात जोडावेसे वाटले, कुणाला ते कळेना. तेवढा वेळ तो जीव कुठं जातो आणि परत वाट कशी शोधतो, हे मला आजही उमगलेलं नाही.

दुपारी तिची शेपटी हलली. ओकारी आली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सासूनं तीन दगडांवर तवा ठेवला. पहिल्या भाकरीचा तुकडा पाण्यात कुस्करून तिच्यापुढं धरला. तिनं चाटला. आम्ही वाट बघितली. आत राहिला.

तेव्हा माझं लक्ष दवाखान्याच्या खिडकीत गेलं. डॉक्टरांचा जेवणाचा डबा दुपारपासून तसाच बंद होता.

सासूनंही पाहिलं. "आवं, तुमी जेवला न्हाई व्हय?"

"आधी तिनं खायचं असतं ना?" ते म्हणाले आणि डबा घेऊन आमच्या चुलीपाशी येऊन बसले.

मला रडू फुटलं. सासूनं दुसरी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.