पुसलेली सरस्वती

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत. आमच्या गुरुजींबद्दल चांगलं बोलायची माझी इच्छा नाही.

लोहाऱ्याच्या सरकारी शाळेत तेव्हा सगळं उर्दूत चाले. निजामाचंच राज्य होतं. म्हणून गावानं मठाच्या ओसरीत मुलग्यांसाठी मराठी शाळा घातली होती. मी नऊ वर्षांची, मठात फुलं द्यायला जायची. ऐकून ऐकून सकाळची सरस्वतीची प्रार्थना मला पाठ झाली. माझा आवाज गुरुजींना आवडला. ते मला पुढं उभं करत. मी म्हणायची, मुलं मागून म्हणायची. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकत, आणि गुरुजींची छाती फुगे.

प्रार्थना संपून पाट्या निघाल्या की गुरुजी मला म्हणत, "जा आता घरी. भाकरी थापायला शीक."

दोन वर्षं मी रोज विद्या मागितली आणि रोज हाकलली गेले. अक्षर म्हणाल तर एक येत नव्हतं. मुलं बाराखडी घोकायची, ती रस्त्यापर्यंत ऐकू यायची. तेवढीच काय ती माझी शाळा.

दसऱ्याला उस्मानाबादेहून एक वकील शाळा बघायला येणार होते. आदल्या दिवशी मी गुरुजींना म्हणाले, "मला पाटी द्या, न्हायतर म्या म्हणणार न्हाय."

"देतो की," ते म्हणाले.

दसऱ्याला मी म्हटलं. वकिलांनी मान डोलावली. मग सगळ्यांदेखत गुरुजींनी मला पाटी दिली. तिच्यावर एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती होती, मुलं पूजेला काढतात तशी, वर हळदकुंकू वाहिलेलं. "देव्हाऱ्यात ठेव," गुरुजी म्हणाले, "पुसलीस तर पाप लागंल." वकील हसले. मला गुरुजींचा मनापासून द्वेष वाटला, आणि तो आजही उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या पाटीवर थुंकले आणि परकराच्या काठानं ती पुसली. देवीची भीती वाटली नाही असं म्हणणार नाही.

मठात गुरुजींनी कोरी पाटी पाहिली आणि विचारलं, "सरस्वती कुठं गेली?"

"पुसली. आता अक्षर काढून द्या."

छडीनं माझे तळहात सुजले. त्या दिवशी प्रार्थना सांगायला माझ्या जागी एका मुलाला उभं केलं. तो दुसऱ्याच ओळीला अडला. रस्त्यावरची माणसं हसली, आणि दोन दिवसांत तिथं थांबेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी मला बोलावणं धाडलं.

"म्हण," ते म्हणाले.

"आधी अक्षर."

कुत्र्याला तुकडा टाकावा तसा त्यांनी पाटीवर 'अ' ओढला. मग मी म्हटलं. तेव्हापासून रोज हाच सौदा चालला, एक अक्षर आणि एक प्रार्थना. ते शिव्या देत अक्षर काढत, मी दात खात प्रार्थना म्हणे. घरी चुलीपुढं बसून तेच अक्षर शंभरदा गिरवी.

होता होता 'ज्ञ' आला. त्यापुढं त्यांच्याकडं माझ्यासाठी काहीच उरलं नव्हतं. त्यांनी तो काढला आणि नेहमीसारखं म्हणाले, "म्हण." मुलं हात जोडून उभी होती.

मी पाटी काखोटीला मारली. "घरी जाते," म्हणाले, "भाकरी थापायच्या हायेत."