भंडारा लावलेला राक्षस

पिंपळवंडीच्या पुढे, टेकडीखालच्या पडीक माळावर, पोथीतलं देव-दानवांचं युद्ध सिनेमासाठी उभं राहत होतं. थर्माकोलचे बुरूज, दोन क्रेन, आणि चारही बाजूंनी उंच पत्रे. आत जाताना फोन गेटवर द्यायचा आणि आतलं काही बाहेर सांगणार नाही अशा कागदावर सही करायची. मीही केली. अक्षरओळख पत्रकांवरून झालेली मुलगी गप्प बसण्याची सही करून आत गेली होती.

पत्रकं माझ्या वडिलांची, अंधश्रद्धेविरुद्धची. अवसरीतल्या आमच्या घरात कपाटातले कपडे कमी आणि गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे जास्त. ‘विचार करा’ हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. एक पत्रक भंडाऱ्यावर होतं. खायची हळद देवावर उधळू नका, असं. त्या वर्षी आमच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली होती. दर वर्षी एकच मेंढपाळ यायचा, आई त्याला भाऊ मानायची, म्हणून तो माझा मामा. वडिलांनी त्याला पत्रक दिलं, मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मामा मला म्हणाला, “तुझ्या बापाचा कागद मेंढीनं खाल्ला. तिला लई पटला.”

तोच मामा मला त्या पत्र्यांच्या आत भेटला.

माझं काम भोंग्याचं. दिग्दर्शकाचा सहायक हिंदीत सांगणार, मी ते गर्दीला आपल्या भाषेत सांगणार. पुढे या सिनेमाचे मराठी संवाद लिहायला मिळतील असं मला कबूल केलं होतं. त्या आशेवर शूटिंग संपेपर्यंत सोडून जाणार नाही, असंही मी लिहून दिलेलं.

पहिल्या सकाळी गेटवर एक माणूस तोंडं बघून मनगटाला फिती बांधत होता. उंच, उजळ ते पिवळी फीत, देवांचं सैन्य. रापलेले, काळे ते काळी फीत. दुपारी जेवणाच्या रांगेत पाहिलं तर द्राक्षबागवाल्यांची पोरं सगळी देव आणि मेंढरांमागे फिरलेल्या घरांतले सगळे दानव. रांगेतही देव पुढे. मी त्या माणसाला विचारलं, दानव काळे असतात हे कुठल्या पोथीत आहे? तो म्हणाला, मॅडम, लुक असतो. मी अजून बोलायला लागले तर त्याने माझ्या हातातल्या भोंग्याकडे बोट दाखवलं. शॉट लागला होता.

दानव मात्र खूश होते. देवांना घट्ट कवच होतं, यांना ढगळ कातडी. एक पोरगा देवांकडे बघून म्हणाला, “उकडतंय का राव? नरकात या, हितं वारा हाय.”

मामाचा चेहरा दिग्दर्शकाला आवडला. पांढऱ्या मिशा, खोल डोळे. त्याला दानवांच्या पुढच्या रांगेत आणला आणि मोठ्या कॅमेऱ्याने टिपला. तिथेच तो अडकला. एकदा चेहरा शॉटमध्ये आला की त्या प्रसंगातल्या प्रत्येक शॉटमध्ये तोच चेहरा लागतो, त्याला ते कंटिन्युटी म्हणतात. मेंढरं घाटाकडे न्यायची वेळ झालीये, असं मामा मला सांगत होता. ते मी सहायकाला सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. म्हणाला, युद्धात हा दानव जिवंत आहे तोवर जाऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की दानवाच्या कपाळावर पिवळं काहीतरी आहे. मेकअपच्या मुलाने पुसलं. मामाने कनवटीची पिशवी सोडून पुन्हा लावलं. पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. सगळं युनिट थांबलं. सहायक मला म्हणाला, याला सांग, दानवांना देव नसतो.

मी भोंगा खाली ठेवून मामाजवळ गेले आणि तसंच सांगितलं.

मामा म्हणाला, “जेजुरीला देवाच्या दारात राक्षस हाये. आमी त्यालाबी भंडार लावतो. मरताना त्यानं देवाकडं जागा मागितली व्हती. ह्यांच्या पोथीत न्हाई का ते?”

मी ते हिंदीत केलं. मग स्वतःचंही घातलं. पोथीतले दानव तप करतात, देवच त्यांना वर देतात, तुमच्या पटकथेतून ते कुणी काढलं? भंडाऱ्याविरुद्धची पत्रकं वाटत मोठी झालेली मी एका चिमूटभर हळदीसाठी माळावर भांडत होते, आणि त्यात मला काही विसंगत वाटलं नाही. हळद कुणी लावावी हे ठरवायचा हक्क पत्रकालाही नव्हता आणि या पत्र्यांनाही.

सहायक चिडला नाही, ते जास्त वाईट. तो म्हणाला, राहू दे लावलेलं, नंतर कॉम्प्युटरवर पुसू.

मामाने विचारलं काय म्हणतो. मला खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं. त्याने कपाळावरचा भंडारा बोटाने चाचपला. मग आपल्या जागेवर गेला.

संध्याकाळी मारामारीचा शॉट होता. बाण लागताच पुढच्या रांगेने पडायचं. मामा पडला तो पालथा, कपाळ मातीत. पुन्हा घेतला. पुन्हा पालथा. ऊन उतरत चाललं होतं. चेहरा दिसायला हवा, सहायक ओरडत होता. मी भोंगा तोंडाशी धरला. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

“मामा, ते म्हणतात तोंड वर करा.”

मातीतूनच आवाज आला, “त्यांना म्हणावं, राक्षस मेलाय.”

देव हसले, दानव हसले. मी ते हिंदीत सांगितलं. सहायकाने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा दिग्दर्शकाकडे, आणि म्हणाला, ठीक आहे, मेला. पुढचा शॉट.

मेलेल्याची कंटिन्युटी संपते. मामाची फीत कापली, कातडी काढून घेतली. तोंड धुऊन त्याने पिशवीतून चिमूट काढली, कपाळाला लावली आणि गेटकडे निघाला. माझ्यासमोर थांबला. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात भोंगा होता, आणि सहायक पाठीमागून पुढची ओळ सांगत होता.

“पोरी,” मामा म्हणाला, “तुला कधी मारत्यात?”