तात्यांच्या पिच्चरचा शेवट

माझे सासरे तात्या यांना घाई म्हणून नव्हती. मखमलाबादच्या मळ्यातून मोपेडवर बसून ते फुलबाजारात निघाले, की वाटेत सायकलवाले त्यांना मागे टाकत आणि वर "तात्या, ढकलू का?" असं विचारत. तात्या सावकाश मान वळवून विचारणाऱ्याला हात करत, तोवर सायकलवाला पुढच्या वळणाला गेलेला असे. त्यांना काही विचारलं तर उत्तर नक्की मिळे, पण कधी मिळेल याचा नेम नसे. सकाळी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर जेवताना आलं, असं आमच्याकडे सर्रास व्हायचं. ते धावत फक्त एका कारणासाठी. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीची लाइट घराच्या लाइटीहून वेगळी, आणि ती कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसायचा. ती आली, की तात्या तोंडाशी आलेला घास ताटात ठेवून पळत सुटत. एवढं पाणी भरून झालं, की पुन्हा आपले मूळपदावर.

अशा माणसाला जगातला कुठला पिक्चर आवडावा? तात्यांना आयुष्यात एकच पिक्चर आवडला आणि तो अंतराळाचा होता. इंग्रजी. एक यान दूरच्या कुठल्या तरी ग्रहाकडे निघालेलं असतं. यानातली बाकीची माणसं गाढ झोपलेली आणि एकच माणूस जागा. तो चालतो, खिडकीतून बघतो, पुन्हा चालतो. मग यान वाटेतल्या एका तळाला टेकतं. टेकतं म्हणजे काय, टेकतच राहतं. तेवढ्या वेळात आमच्या सातपूरच्या कंपनीत लेथवर अर्धी बॅच निघाली असती. शेवटी तो माणूस एका लांबलचक बोळातून चालत एका दारापाशी येतो आणि दाराला हात लावतो. झाला पिक्चर. मारामारी नाही, गाणं नाही, बाई औषधाला नाही.

हा पिक्चर तात्यांना भेटला तो दादरला. तरुणपणी ते टेम्पोतून शेवंती घेऊन तिथल्या बाजाराला जात. फुलं पहाटेच खपत आणि परतीच्या गाडीला वेळ असे. एकदा उन्हाचं अंग टाकायला म्हणून ते एका गार हवेच्या थिएटरात शिरले, ते झोपण्यासाठीच. "पण झोप आलीच नाय," ते सांगत. "पडद्यावर कोण वरडत नव्हतं, मग जागं कशानं ऱ्हायलो म्हणावं? तर त्या शांततेनंच जागं ठेवलं." इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण त्या पिक्चरमध्ये इंग्रजीवाचून कोणाचं काही अडतच नाही. पुढे एका दसऱ्याला झेंडूनं चांगला हात दिला तेव्हा त्यांनी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घेतला आणि पंचवटीतल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याच्या मागे लागून तो पिक्चर एका कॅसेटवर उतरवून घेतला. लायब्ररीवाल्यानं त्यांना तीन तीनदा विचारलं म्हणे, की तात्या, नक्की हाच ना?

त्या दिवसापासून मळ्यावर आलेल्या माणसाची सुटका नव्हती. खतवाला असो, सोयरा असो, चहाच्या आधी कॅसेट. घरात याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं होतं. सासूबाई पिक्चरकडे न बघता खाली मान घालून हार ओवत. त्यांचं म्हणणं, "याच्यात एक बरं हाय. हात थांबत नाय. यान टेकंपर्यंत लग्नाचे दोन हार होऊन जातात." नात्यातले एक प्राध्यापक होते, त्यांनी पाहून झाल्यावर सांगितलं, की हे आधुनिक माणसाच्या एकटेपणाचं चित्र आहे. तात्यांनी त्यावर बराच विचार केला आणि प्राध्यापक चपला घालत असताना उत्तर दिलं, "एकटा कुठंय? बाकीचे झोपलेत की. घरात समदे झोपलेत आन् आपण जागं हाय, त्याला एकटं म्हणत्यात व्हय?" प्राध्यापक एक पाय चपलेत घालून तसेच उभे राहिले.

दाराला हात लावल्यानंतरचा पिक्चरचा शेवट मात्र कॅसेटीत नव्हता, आणि ती भानगड सासूबाईंची. त्यांची मुलगी वैशाली तेव्हा कॉलेजात होती आणि तिच्या कॉलेजचं समूहगीत टीव्हीवर लागणार होतं. दुपारभर घरात त्याचीच धांदल. तात्या मात्र त्याआधी पिक्चर लावून बसलेले. पडद्यावरच्या माणसानं दाराला हात लावला आणि नेमकी मोटारीची लाइट आली. तात्या कॅसेट तिथंच बंद करून मळ्यात पळाले. इकडे कार्यक्रम सुरू झाला. सासूबाईंना कोणी तरी सांगून ठेवलं होतं, की लाल बटण दाबलं की टीव्हीवरचं कॅसेटीत जातं. त्यांनी दाबलं. आत कुठली कॅसेट आहे हे बघायची त्यांना गरज वाटली नाही, कारण लेक टीव्हीवर गात होती.

तात्या चिखलाच्या पायांनी परत आले तेव्हा गाणं संपत आलं होतं. शेवट पुसला गेल्याचं नंतर कळलं. सासूबाई दोन दिवस त्यांच्या समोर येईनात. तिसऱ्या दिवशी तात्यांचं उत्तर आलं, "शेवट मला पाठ हाय. पोरीचं गाणं कुठं पाठ व्हतं?" तेव्हापासून त्या घरात तो पिक्चर असा संपायचा: माणूस दाराला हात लावतो, पडद्यावर आडव्या रेघा येतात, एक झटका बसतो आणि पांढऱ्या साडीतल्या मुली देशाबद्दल गायला लागतात. दुसऱ्या रांगेत वैशाली, दोन वेण्या घालून. तात्यांच्या एका म्हाताऱ्या चुलत्यांना तर मूळ पिक्चरच तसा आहे असं वाटे. "दार उघडलं आन् आत आपली वैशी," ते म्हणायचे, "गोऱ्यांनी डोकं लय चालवलंय."

गाणं झालं, की तात्या टीव्ही बंद करून खरा शेवट तोंडी सांगत. तो दर वेळी निराळा असे. कधी दाराच्या आत त्या माणसाची आई बसलेली असायची, कधी हिरवंगार रान लागायचं, कधी नुसता उजेड. मागच्या वेळी तर तुम्ही वेगळं सांगितलं, असं कोणी म्हटलं तर ते म्हणत, "दार मोठं हाय. लय काय काय मावतं आत."

वैशालीला बघायला जी मुलं येत त्यांनाही हा पिक्चर चुकला नाही. कांदेपोह्यांबरोबर यान. यात परीक्षा घ्यायचा हेतू होता की पाहुणचाराचा, हे तात्यांनाही सांगता आलं नसतं. सिन्नरच्या एका मुलानं सारखं घड्याळ बघितलं. दुसरा एक जण पिक्चर आवडला आवडला म्हणत राहिला. तात्यांनी विचारलं, काय आवडलं? तो म्हणाला, "फायटिंग." त्या स्थळाला नकार गेला.

मी त्या घरी गेलो तो रातपाळी करून. कंपनीतून थेट घरी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट आणि मामांबरोबर मखमलाबाद. मुलगी पोहे देऊन गेली, मला फार आवडली, आणि ती आत जाताच तात्यांनी कॅसेट लावली. यान निघालेलं मला आठवतं. तो माणूस खिडकीतून बघत होता तेही आठवतं. त्यानंतरचं सगळं मला मामांकडून कळलं. मी भिंतीला डोकं टेकून घोरायला लागलो. मामांनी चिमटा काढायला हात पुढे केला, तर तात्यांनीच तो धरला. "असू द्या. रातपाळीचं पोरगं हाय." त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि सगळ्या घराला बोलू नका अशी खूण केली. मला जाग आली तेव्हा पोहे गार झाले होते आणि मामा माझ्याकडे बघत नव्हते.

"झोप झाली का पाव्हणं?" तात्यांनी विचारलं. लग्न मोडलंच, असं धरून मी खरं ते सांगितलं: "झाली. पण तुमचा पिक्चर फार सावकाश आहे हो." मामांनी डोळे मिटले. होकार आला आठवड्यानं, म्हणजे तात्यांच्या मानानं ताबडतोब. होकाराबरोबर एक अट होती. "पोरगी देतो. पिच्चर आवडल्याचं सोंग करून पोरगं जागं नाय राहिलं, हे मला बरं वाटलं. पण एकदा तरी शेवटपर्यंत बघायचा. तोवर मी तुम्हाला जावई म्हणायचो नाय. पाव्हणंच म्हणणार." मी हसून कबूल केलं. एक पिक्चर बघायचा, त्यात काय मोठंसं?

लग्नात त्यांनी माझी सगळ्यांशी ओळख करून दिली ती "आमचे पाव्हणं" अशी. गावाकडे जावयाला तसं म्हणतातच, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. खोच आम्हा दोघांनाच ठाऊक. पुढे दिवाळी आली, की फराळानंतर कॅसेट. यान तळाला टेकायला लागलं की माझे डोळेही टेकत. चहा पिऊन बघितला, उभ्यानं बघितला, एकदा वैशालीला शेजारी बसवलं. पण ती गाणं यायच्या आधी हमखास उठून जायची. "मी त्यात केवढी जाड दिसते," हे तिचं त्या पिक्चरबद्दलचं एकमेव मत. मी जागा होई तेव्हा टीव्ही बंद असे आणि तात्या म्हणत, "पाव्हणं, कुठवर पोचलात?"

हरू नये म्हणून मी त्यांना माझ्या आवडीचा एक मारधाडीचा हिंदी पिक्चर दाखवला. तात्यांनी तो शेवटपर्यंत, डोळे उघडे ठेवून बघितला आणि मग काळजीनं विचारलं, "या लोकांना कुठं गाडी पकडायची व्हती का?" आमचं भांडण असं वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणायचो, त्यात काही घडतच नाही. ते म्हणायचे, "गुलाबाच्या फांदीला फुटलेल्या डोळ्यापुढं बसा कधी. तिथं बी काय घडत नाय. आन् सकाळी जाऊन बघावं तर कळी."

मग कॅसेटी गेल्या आणि डीव्हीडी आल्या. एका दिवाळीला मी कॉलेज रोडवरच्या दुकानातून तोच पिक्चर आणला, स्वच्छ आणि शेवटासकट. तात्यांना त्यांचा शेवट परत मिळवून द्यायचा, ही कल्पना मला फार थोर वाटली होती. सगळे बसले. मी नेहमीच्या ठिकाणी झोपलो. उठलो तर तात्या काळ्या पडद्याकडे बघत बसलेले.

"आला का शेवट?" मी विचारलं.

"आला. दार उघडलं. आत कोण बी नव्हतं."

"मग?"

"मग काय. मला वाटलं, आता रेघा येतील." त्यांनी डीव्हीडी काढून, पुसून, खोक्यात घालून माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं ठेवा. पिच्चर चांगला हाय, पण हा आपला नाय."

मला तेव्हा थोडा रागच आला होता. आज वाटतं, माझ्या या दिवाळीभेटीनं पडद्यावरच्या त्या माणसाला जितकं एकटं पाडलं, तितकं तात्यांच्या कॅसेटीनं कधी पाडलं नव्हतं.

तात्या गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली ही शेवटची गोष्ट. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मळ्यात जायला बंदी केली होती, आणि मोटारीची लाइट आली तरी आता ते खाटेवरून नुसते खिडकीकडे बघत. वैशाली त्यांच्याकडे राहायला गेली होती, मी पाळी सुटली की जात असे. एके दिवशी ते म्हणाले, "कॅसेट बघू का?" व्हीसीआर कधीचा कपड्याखाली बंद पडलेला. सातपूरला आमच्या कंपनीजवळच्या दुरुस्तीवाल्यानं तो बघून मला पुराणवस्तूंच्या दुकानाचा रस्ता सांगितला, पण दिला चालू करून.

दुपारची वेळ होती. सासूबाई उंबऱ्यात हार ओवत होत्या, वैशाली स्वयंपाकघरात होती. चित्र जागोजागी हलत होतं. यान निघालं. मी या खेपेला काहीच युक्ती केली नव्हती, तरी झोप येईना, कारण माझा एक डोळा तात्यांच्या श्वासाकडे होता. यान तळाला टेकायला लागलं. मी शेजारी बघितलं तर तात्यांचे डोळे मिटलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या जागी ते झोपले होते आणि मी जागा होतो. मी आवाज बारीक केला. सासूबाईंना खुणेनंच गप्प राहायला सांगितलं.

आणि मग मी तो पिक्चर बघितला. खरं सांगतो, रटाळ आहे. पण शेजारी झोपलेलं माणूस आपलं असलं, की पिक्चर फार लांब वाटत नाही. तो माणूस बोळातून चालत आला. त्यानं दाराला हात लावला. रेघा आल्या, झटका बसला आणि मी ओळखत नव्हतो त्या वयाची माझी बायको गात समोर आली. कॅमेरा तिच्यावर जरासा थांबला. ती जाड वगैरे अजिबात दिसत नव्हती. इतकी वर्षं मी काय झोपून काढलं होतं ते मला तेव्हा कळलं.

गाणं संपल्यावर तात्यांनी डोळे उघडले.

"पाव्हणं, आला का शेवट?"

"आला."

"जागं व्हता?"

"होतो."

"दाराच्या आत कोण व्हतं?"

"वैशाली होती," मी म्हणालो. "दुसऱ्या रांगेत. गात होती."

आता तात्यांचं उत्तर उद्या दुपारी, असं समजून मी कॅसेट काढायला उठलो. तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि त्यांच्या मानानं बऱ्याच घाईनं हाक मारली.

"वैशे, चहा टाक गं. जावई आलेत."