रिकाम्या चौकटीतली वच्छी

आधीच सांगून ठेवतो... असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. गावी सगळे देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, नारळ ठेवतात, मी त्याच्यासमोरून विडी ओढत जायचो. चौथी शिकलोय, पण मला कोणी उल्लू बनवू शकलेलं नाही.

राहायला मालाड पूर्वेला, सातव्या मजल्यावर. सून प्राची घरूनच काम करते. कंपन्यांची बिलं, माल पोचवल्याची चलनं कॉम्प्युटरने आपली आपण वाचावीत म्हणून ती साचा बनवते. टेम्प्लेट म्हणतात त्याला. कागदाच्या फोटोवर माऊसने चौकटी आखायच्या — ही तारखेची, ही मालाची, ही माल घेणाऱ्याच्या नावाची. मग मशीन तसल्या सगळ्या कागदांतून तेवढंच उचलतं. दुपारी जेवून मी शेजारी बसतो, तिच्या चौकटी वाकड्या आहेत म्हणून सांगतो. ती हसते.

त्या दुपारी कुठल्याशा धान्याच्या गोदामाची चलनं होती. एकावर नावाच्या जागी नुसता निळा अंगठा. मशीनने तिथे रिकामं सोडायला पाहिजे. त्याने लिहिलं — वच्छी.

"ही कोण आणि?" प्राची म्हणाली. परत चालवलं. परत वच्छी.

मी खुर्ची पुढे ओढून नाव पुन्हा वाचलं. माझी बायको सगळ्यांना सुलोचना. आमच्यात लग्नात नाव बदलतात, तांदळात नवं नाव लिहिलं की माहेरचं संपलं. माहेरची ती वत्सला. वच्छी फक्त मी म्हणायचो, तेही आईला ऐकू जाणार नाही असं. पोरालाही ठाऊक नाही. तिला सही येत नव्हती, अंगठाच करायची. जाऊन बरीच वर्षं झाली.

सुनेला सगळं सांगितलं. तिने घड्याळ बघितलं. मग हळूच म्हणाली, "अप्पा, संध्याकाळी हे द्यायचंय. नसलेलं नाव आलं तर काम परत येतं. मागचंही परत आलेलं. आता आलं तर मला काढतील."

"राहू दे गो तिला. कोणाचं काय खाते ती?"

"अप्पा..."

पोराचा कारखाना बंद पडलेला, घर तिच्यावर चाललंय, मला काय कळत नव्हतं? तरी अडून बसलो. शेवटी मीच म्हटलं, कर बाई.

तिने अंगठा बाहेर राहील अशी चौकट आखली. नाव गेलं. काम पास झालं.

मग म्हटलं, आता पहिल्यासारखी आख, नुसती बघू. तिने आखली... रिकामी. कितीदा केलं, रिकामीच. पोरगा काम शोधून घरी आल्यावर म्हणाला, शाईचा डाग असेल, मशीन काहीही वाचतं. असेल. पण डागाला तेच नाव कुठून सुचलं?

दुसऱ्या दिवशी प्राचीने न सांगता ते चलन परत उघडलं. मी सुनेच्या देखत, जन्मात पहिल्यांदा, मोठ्याने हाक मारली — "वच्छे..."

"चालव आता," म्हटलं.

तिने चालवलं. पडद्यावर काय आलं ते मला दिसायच्या आतच, माझ्याकडे न बघता, लॅपटॉप मिटला.

कोणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. मला नाही कळलं.