छातीच्या उंचीवर

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये मन्मथअप्पा अटेंडंट म्हणून लागले, ते भूकंपानंतरच्या वर्षी. औशाकडच्या त्यांच्या गावात घरावरचं मातीचं माळवद कोसळलं. बायको गुरम्मा त्याखाली गेली, आणि एक तुळई अप्पांच्या पाठीत बसली. लातुरात आल्यावर त्यांनी छपराखाली झोपणं सोडलंच. कॉलेजमागे शिवप्रसाद आडत्यांची चिंचा-आंब्यांची राई होती, तिथं बाज टाकायचे.

लिंगायतांत मेलेल्याला माती देतात. पण त्या आठवड्यात लाकडं रचून सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला, त्यात गुरम्माही होत्या. ते अप्पांच्या मनातून कधी गेलं नाही. तो धूर कुठं गेला, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी तेव्हा नवा प्राध्यापक, उत्साह नको तेवढा. म्हणालो, झाडं हवेतला कार्बन ओढून लाकडात साठवतात, धूर असाच कुठल्या तरी झाडात असेल. बुंधा जाड झाला की साठा वाढला समजा. वर त्यांच्या हातात टेप दिली. दर वर्षी छातीच्या उंचीवर घेर मोजा आणि लिहून ठेवा, एवढं सांगून मी मोकळा झालो.

अप्पांनी पंचवीस वर्षं मोजलं. महाशिवरात्रीचा उपास सुटला की दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तेचाळीस झाडं. एवढी हजेरी तर आमच्या पोरांचीही नसते, असं मी चिडवायचो. ते हसत नसत. त्यांच्या लेखी गुरम्मा त्या राईत होती.

पुढं लातुरात क्लासेसचा सुकाळ झाला. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली. मीही कॉलेज सोडून एका मोठ्या क्लासला जीवशास्त्र शिकवायला लागलो. उगीच साळसूदपणा आणत नाही, पगार तिप्पट होता. त्याच क्लासनं होस्टेलसाठी राई विकत घेतली. झाडं तोडायच्या परवानगीसाठी महापालिकेनं हरकती मागवल्या. क्लासचं म्हणणं, ही झाडं म्हातारी, यांची वाढ कधीच थांबली, बदल्यात पाचशे रोपं लावू. जुनं झाडही साठवतच असतं आणि पाचशे काड्यांना तेवढं साठवायला दोन पिढ्या लागतील, हे मी वर्गात शिकवतो. तिथं बोललो नाही.

अप्पांनी वह्या आणल्या. वाढ थांबली नाही, याचा दुसरा पुरावा कुणाकडंच नव्हता. पाहणीला महापालिकेचे साहेब आले. क्लासच्या इंजिनिअरनं जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप लावली, तर दरेक झाडाचा घेर वहीतल्यापेक्षा कमी भरला. तुम्हीच मोजून दाखवा, असं साहेब अप्पांना म्हणाले.

अप्पा चिंचेला भिडले आणि छातीपाशी टेप धरली. तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं. तुळईनं अधू झालेली पाठ वर्षानुवर्षं वाकत गेली होती, तिच्याबरोबर टेपही खाली खाली, बुंधा फुगतो तिथवर उतरली होती. अप्पा माझ्याकडं वळले.

"सर, माझी छातीच खाली आली की."

छातीची उंची म्हणजे साडेचार फूट, हा ठरलेला आकडा मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. कदाचित साहेबांनी पुन्हा मोजणी लावली असती. पण शेजारी आमचे संचालक उभे होते. मी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

नोंदी अविश्वसनीय ठरल्या. आठ दिवसांत राई साफ झाली आणि लाकूड वीटभट्टीला गेलं. शंभर वर्षांत धरून ठेवलेलं आठवड्यात हवेत गेलं. अप्पा रोज भट्टीसमोर जाऊन बसत, असं कळलं. मी तिकडचा रस्ताच टाळला.

महिन्याभरानं ते माझ्या घरी आले. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसले.

"तुम्ही नीट शिकवलं होतं, सर. मीच चुकलो. माझ्यापायी तिला दुसऱ्यांदा जाळलं."

चहा घेऊन जा, असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी चहा घेतला, कप विसळून पायरीवर पालथा ठेवला आणि माझ्या पाया पडून गेले. मी पाय मागं घेतले नाहीत.